कुंपणाखालचं गवत

बिबट्याने शेळीचं नरडं सोडलं, मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं.

मी गव्हाणीत बसले होते. गाईला चारा टाकायची ती सिमेंटची लांबट कुंडी. सत्तरीला टेकलेल्या बाईने तिच्यात बसू नये हे मलाही कळतं, पण गोठ्यात त्या वेळी दुसरी जागा मोकळी नव्हती. माझ्या डोक्यावर गाईचं तोंड होतं आणि तिची लाळ माझ्या कपाळावरून नाकावर येत होती. गाईच्या मागे सहा-सात हातांवर तो. त्याच्या पायाशी माझी काळी शेळी. उरलेल्या दोन शेळ्या कडबाकुट्टीच्या मशीनखाली एकमेकींत घुसल्या होत्या.

दार बंद होतं. गोठ्याला आपोआप पडणारी कडी मीच सांगून बसवून घेतली होती. शेळ्या शिंगांनी दार ढकलतात, म्हणून कडी बाहेरच्या अंगाला. दार लोटलं की खटकन पडते आणि आतून काही केल्या निघत नाही. आपण आत जाताना दाराला दगड लावायचा, एवढं लक्षात ठेवायचं. ही कडी मी आल्यागेल्याला दाखवायचे. त्या दिवशीही दगड लावला होता. पण शेळी जीव घेऊन आत पळाली, तिच्यामागून हा घुसला, दोघांच्या धडकेत दगड उडाला, दार लोटलं आणि कडीने आपलं काम चोख केलं. आता त्यालाही बाहेर जायचं होतं आणि मलाही.

आमच्याकडे हल्ली बाया गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालून वावरात जातात. बिबट्या मानेला धरतो म्हणून. मीही एक करून घेतला होता. तो घरात खुंटीला होता.

ऊन अजून उसाच्या शेंड्यांवर होतं. भिंतीच्या वरच्या अर्ध्या भागाला जाळी आहे, तिच्यातून लांबची डिश दिसत होती. तोंड वर करून शांत उभी. तिच्यासाठीच मी झटका मशीन बंद केलं होतं. म्हणजे खरं तर गवतामुळे. सांगते.

आमच्या भागात आकाश ऐकायच्या मोठमोठ्या डिश आहेत. कांद्याच्या आणि उसाच्या वावरांमधून उभ्या असतात, जाळीच्या, हळूहळू मान फिरवणाऱ्या. इतकी वर्षं त्यांच्या सावलीत मी गवऱ्या वाळवल्या, पण तिथे काय चालतं ते कधी विचारलं नाही. मग तिथे शिकायला आलेली एक पोरगी माझ्या पडवीच्या खोलीत राहायला आली. विदर्भातली. मला आजी म्हणायची. मला वाटायचं हे लोक रात्रीच तारे बघत असतील. ती म्हणाली, "आजी, आम्ही बघत नाही, ऐकतो. भरदिवसासुद्धा चालतं."

"दिवसा तारे काय बोलणार? झोपलेले असतात की."

ती हसली नाही. पोरगी गुणाची, पण विनोद कळत नाही.

एके दिवशी ती हातात माशाच्या काट्यासारखी एक अँटेना घेऊन वावराच्या बांधाने हिंडताना दिसली. अँटेना इकडे करायची, तिकडे करायची, कानातल्या यंत्रात ऐकायची. असं करत करत ती थेट माझ्या गोठ्यापाशी येऊन थांबली.

"आजी, तुमचं कुंपण ओरडतंय."

"ते कशाला ओरडंल? या घरात ओरडते ती मी."

माझ्या गोठ्याभोवती आणि बांधाने झटका मशीनची तार आहे. सौरपाटी, बॅटरी आणि एक डबा. डबा सेकंदा-सेकंदाला तारेत झटका सोडतो. जनावर शिवलं की चटका बसतो आणि पळतं, मरत नाही. बिबट्याला एकदा बसला की तो पुन्हा त्या बाजूला फिरकत नाही असं म्हणतात. पोरीने मला खाली वाकून दाखवलं. तारेखालचं गवत गुडघाभर वाढलं होतं, पाती तारेला टेकत होती आणि प्रत्येक झटक्याला तिथे बारीक ठिणगी पडत होती. चट. चट. चट. ती ठिणगी म्हणे डिशला ढोल वाजवल्यासारखी ऐकू येते.

"गवत तेवढं कापा, आजी. तार मोकळी झाली की आवाज थांबेल. मशीन मात्र बंद करू नका. बिबट्या आहे इकडे." हे तिने दोनदा सांगितलं. म्हणजे पुढे सबब सांगायला तिने मला एवढीही जागा सोडली नाही.

संध्याकाळी मी भाकरी थापत होते, ती चुलीजवळ बसली होती. मी विचारलं, एवढं काय ऐकायचंय तुला, की माझं गवत आड येतं?

तर ती म्हणाली, एक दीर्घिका आहे. आपली आकाशगंगा जशी ताऱ्यांचं एक मोठं गाव, तसं ते दुसरं गाव, फार लांबचं. तारे गार वायूपासून बनतात. वायू गोळा होतो, आपल्याच वजनाने आत दबतो आणि मग पेटतो. बहुतेक दीर्घिका हे काम सावकाश करतात. पण काहींना एकदम झपाटा येतो. त्या धडाधड तारे बनवतात, एकामागून एक. त्यात जे फार मोठे तारे असतात ते लवकर मरतात आणि मरताना फुटतात. जिवंत असतानाही त्यांच्यापासून वारे सुटतात. या सगळ्याचा मिळून असा लोंढा होतो की उरलेला वायू दीर्घिकेच्या बाहेर फेकला जातो. मग नवे तारे बनायला काही राहत नाही. काम बंद पडतं. जुने तारे तेवढे जळत राहतात, म्हातारे आणि लाल.

"म्हणजे लाकडं संपली," मी म्हटलं.

"काही जळून संपली. पण बरीचशी संपायच्या आधीच उडून गेली. जाळानेच उडवली."

"आणि जो वायू आत राहिला त्याचं?"

"तो तापलेला असतो. तापलेल्या वायूचा तारा होत नाही. आधी गार व्हावा लागतो."

"गेलेला परत येत नाही?"

"थोडा येतो. ज्याला फार जोरात ढकललं नसेल, तो गार होऊन परत खाली पडतो. बाकीचा गेला तो गेला."

तिला हे बघायचं होतं, की त्या दीर्घिकेतून गार वायू किती बाहेर पडतोय आणि किती वेगाने. मी विचारलं, किती दिवसांत रिकामी होईल? ती म्हणाली, कोट्यवधी वर्षं लागतील.

"मग तुला एवढी कसली घाई?"

"मला दुर्बीण तीनच दिवस मिळाली आहे, आजी. रोज दुपारपासून अंधार पडेपर्यंत. त्यात नीट ऐकू आलं नाही तर पुन्हा कधी मिळेल सांगता येत नाही."

मी भाकरी उलटली. करपली होती. तिने ती तशीच खाल्ली.

आता गवत का वाढलं होतं, ते. गुडघे दुखतात हे एक कारण मी सगळ्यांना सांगते. वाकलेलं माणूस बिबट्याला शेळीसारखं दिसतं हे दुसरं. दोन्ही खरी आहेत. पण सहा वर्षांपूर्वी माझ्याकडे हे गवत तासाभरात निघालं असतं, कारण तेव्हा माझी सावड होती.

सावड म्हणजे पैशाचा व्यवहार नाही. आज सगळ्या बाया तुझ्या वावरात, उद्या तिच्या, परवा माझ्या. कांद्याची रोपं लावायची असली की एकट्या घराला झेपत नाही, म्हणून बारा घरच्या बारा बाया आळीपाळीने एकमेकींकडे जातात. आमच्या सावडीची मुकादम मी होते. मला कोणी नेमलं नव्हतं. मी फक्त सगळ्यांच्या आधी ओरडायला लागले आणि पद मिळालं.

त्या वर्षी मला झपाटा आला होता. सूर्य उगवायच्या आत वाफ्यावर बसवायचे. चहा एकदाच. दोन रोपांत चार बोटं अंतर म्हणजे चारच, पाच दिसली तर मी रोप उपटून बाईच्या पुढ्यात टाकायचे. एकीच्या भाचीचं लग्न होतं, मी म्हटलं कांदा लग्नाला थांबत नाही. एकीला ताप होता, तिला म्हटलं उन्हात बैस, उतरंल. येडगावपर्यंत कोणाचीही लागवड आमच्याइतकी लवकर झाली नव्हती. लोक माझ्याकडे बोट दाखवायचे आणि मला वाटायचं कौतुक चाललंय.

शेवटी जावेच्या वावराची पाळी आली. माझ्या धाकट्या दिराची बायको, आंबेगाव तालुक्यातल्या घोडेगावकडून आलेली. आमची वावरं लागून आहेत, मध्ये फक्त बांध. तिने एक पूर्ण वाफा आपल्या हाताने लावला होता. मी आले, बोटं टेकवून बघितली, पाच भरली. सगळ्या बायांसमोर मी तो वाफा या टोकापासून त्या टोकापर्यंत उपटला. तिच्याच वावरात, तिचाच वाफा. आणि वर म्हणाले, "घोडेगावात असाच लावत असत्याल."

दुसऱ्या दिवशी मी उगवतीला बांधावर उभी राहिले. कोणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी अकरा बाया जावेच्या वावरात बसलेल्या दिसल्या. हसत होत्या. चहा दोनदा झाला, मी मोजला.

तेव्हापासून जावेचं आणि माझं बोलणं बंद. टोमणे चालू होते. ती आपल्या म्हशीला सांगायची, मी माझ्या गाईला. "काय गं म्हशी, एकटीनं कांदा लावायला लई मजा येती म्हनं." "गाई, काही लोकांच्या वाफ्यातून बैल चालला का काय, असा दिसतोय बघ." सहा वर्षं आमची जनावरं हे ऐकत आली. मी कांदा सोडला, ऊस लावला. उसाला बाया लागत नाहीत, फक्त पाणी लागतं. आणि उसात बिबट्या राहतो, पण ते पुढचं.

तर पोरीने गवत कापायला सांगितलं आणि मी विळा घेऊन गेलेही. चार मुठी कापल्या. उठता येईना. बांधापलीकडे जावेच्या सावडीची लागवड चालली होती, त्या बायांसमोर हातपाय टेकून उठायचं माझ्या जिवावर आलं. मग मी विचार केला, गवत कापण्याचा हेतू काय? ठिणगी थांबणं. मशीन बंद केलं तर ठिणगी थांबते. चौथी शिकलेल्या बाईच्या मानाने मला तो विचार फार सुंदर वाटला. चाळीस वर्षं मी दुसऱ्यांना आळशी म्हणत आले, आणि हे.

पोरीला काही सांगितलं नाही. पहिले दोन दिवस दुपारी मशीन बंद केलं, अंधार पडताना चालू केलं. संध्याकाळी ती खुशीत यायची. "आजी, कुंपण एकदम गप्प झालं. केवढं गवत कापलंत!" मी म्हणायचे, "आमच्या हाताला सवय असती." तिसऱ्या दिवशीही बंद केलं. बिबट्या दिवसा येत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. बिबट्याला कोणी सांगितलं नव्हतं.

तर मी गव्हाणीत होते.

तो आता फेऱ्या घालू लागला होता. दारापाशी जायचा, पंजा मारायचा, जाळीवर उडी घ्यायचा, पडायचा, पुन्हा फिरायचा. प्रत्येक फेरीला गाय एक पाय उचलायची. मी ओरडले. जन्मभर ज्या आवाजाने माणसं हाकलली तो आवाज पूर्ण लावला.

"अगं एऽऽ! बिबट्या हाय! आतमंदी बिबट्या हाय!"

बांधापलीकडे जाऊ म्हशीला घास टाकत असणार. तिचा आवाज आला, म्हशीशीच: "ऐकलं का गं, आज बाईला आमची आठवन झाली."

"खरंच हाय गं!"

"म्हशी, त्या बिबट्याला सांग, जपून ऱ्हा म्हनावं. आत लई डेंजर बाई हाय."

तेवढ्यात तो गुरगुरला. तसा आवाज कोणाला नकलेने काढता येत नाही. पलीकडे घासाचा भारा खाली पडला. मग पावलं आली आणि सहा वर्षांत पहिल्यांदा ती थेट माझ्याशी बोलली.

"कुठं हाय त्यो?"

"आत."

"आन तू?"

"आत."

"दार?"

"बंद."

"कुनी लावलं?"

"कडीनं."

"ती तुझी लई हुशार कडी?"

मी मान गव्हाणीत खाली घातली. पहिल्यांदाच.

पुढे जे झालं ते मला जाळीतून तुकड्या-तुकड्यांनी दिसलं. तिच्यामागून सावडीच्या बाया आल्या होत्या, हातात घमेली आणि विळे. मी असते तर सगळ्यांना घमेली बडवायला लावली असती आणि बिबट्या बावरून आधी माझ्यावर आला असता. तिने आवाज चढवला नाही. हाताने खूण करून बायांना घराच्या बाजूला नेलं आणि उसाकडची वाट मोकळी ठेवली. चिंचा पाडायची माझी लांब आकडी भिंतीला टेकलेली होती, ती घेतली आणि दाराशेजारच्या पाण्याच्या टाकीवर चढली. पासष्टीची बाई, पण चढली. मग जाळीजवळ तोंड आणून हळू म्हणाली:

"मी वरून कडी उचलते. तू गप ऱ्हा. एवढं येकच काम कर. हालू नगं आन बोलू नगं."

तिने आकडी उजवीकडून घातली. ती कडी उजवीकडून निघत नाही. डाव्या बाजूने वर ढकलावी लागते, मग पुढे ओढावी लागते. हे जगात फक्त मला माहीत होतं. आकडी घसरली. खटकन आवाज झाला आणि बिबट्या वळला. आता तो दाराकडे बघत नव्हता, आवाजाच्या उलट बाजूला सरकला, म्हणजे गव्हाणीकडे. तिने पुन्हा उजवीकडून घातली. पुन्हा घसरली. माझ्या जिभेवर "डावीकडनं गं, डावीकडनं!" आलेलं होतं. तो गाईच्या पोटाखालून मला बघत होता, आम्ही तितके जवळ आलो होतो. त्याच्या मिशांना रक्त होतं. मी पदराचा बोळा करून तोंडात कोंबला आणि चावून धरला. भीतीमुळे म्हणेन तर अर्धंच खरं होईल. उरलेलं अर्धं तिला शिकवू नये म्हणून होतं.

तिसऱ्यांदा तिने थांबून बघितलं आणि आकडी डावीकडून घातली. कडी निघाली. दार आकडीनेच ओढून तिने पूर्ण उघडलं आणि टाकीवर पालथी पडून राहिली.

तो लगेच गेला नाही. दारातल्या उजेडाकडे बघत राहिला, मेलेल्या शेळीकडे बघितलं, मग निघाला. उसाची पाती हलली, थांबली. बाया तेव्हा कुठे ओरडल्या.

जाऊ आत आली. मला गव्हाणीत बघून म्हणाली, "उठ."

"गुडघा अडकलाय."

तिने आणि मागून आलेल्या एकीने काखेत हात घालून मला उपसलं. माझ्या अंगावर लाळ, चारा, पदराचा ओला बोळा. कोणी हसलं नाही, ते मला जास्त लागलं. जाऊ कुंपणापाशी गेली, डब्याचा दिवा विझलेला बघितला.

"मशीन बंद? कुनी केलं?"

"मीच. एका दीर्घिकेसाठी."

"कोन ती?"

"आभाळातली. तिचा वायू निघून चाललाय."

"तुझ्यामुळं?"

मग मात्र सगळ्या हसल्या. मीही हसले असेन, नीट आठवत नाही.

पोरगी अंधार पडल्यावर आली. तिला तिसऱ्या दिवशीचंही स्वच्छ ऐकू आलं होतं आणि ते सांगायला ती पळतच आली होती. गोठा बघून रडायला लागली. म्हणाली, मी कशाला तुम्हाला काही बोलले. मी म्हटलं, "तू बरोबर बोललीस. गवत काप म्हणालीस, मशीन बंद करू नको म्हणालीस. दोन्ही मी उलटं केलं. रडू नको, जेवून घे." नंतर कधीतरी तिने सांगितलं, त्या दीर्घिकेतून वायू खरंच बाहेर पडतोय, आणि तिला वाटलं होतं त्यापेक्षा वेगाने. मी विचारलं, थोडा परत पडेल का? ती म्हणाली, एवढ्यावरून सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊ सावड घेऊन बांध ओलांडून आली. दोघी पहाऱ्याला उभ्या राहिल्या, बाकीच्या खाली बसल्या. तारेखालचं गवत चहा व्हायच्या आत निघालं. मी दोनदा चहा केला. जाताना जाऊ म्हणाली, "आता तू आमच्याकडं यायचं. सावड फेडायला. खालच्या टोकाला बसायचं आन अंतरावर बोलायचं न्हाई."

मी गेले. माझा हात आता थरथरतो, रोपं वाकडी लागतात. जाऊ मागून येत होती. तिने माझं एक रोप उपटलं, सरळ केलं आणि पुन्हा लावलं. बोटं टेकवली नाहीत. मी तोंड बंद ठेवलं. त्याची मला आता थोडी सवय झाली आहे, फार नाही.

पिंजरा लावला, पण तो बिबट्या काही सापडला नाही. त्या गोठ्यातून मी, गाय, दोन शेळ्या आणि तो, एवढे जिवंत बाहेर पडलो. काळी शेळी मेली.